आठ मिनिटांची नोंद

रिकाम्या सभागृहाच्या फोटोसाठी मोठ्या कॅमेऱ्यात शेवटची एकच फिल्म उरली होती. उजेड कमी, म्हणून ह्यांनी लेन्स आठ मिनिटं उघडी ठेवली. नोंदवही माझ्याकडे होती. पेन्सिल घरंगळली, तिच्यामागे धावत मी थेट लेन्ससमोर गेले आणि घाबरून थिजलेच.

“अगं, हल! उभी राहिलीस तर उमटशील. हलतं माणूस एवढ्या वेळात उमटत नाही.”

“नाचलं तरी?”

“नाचलं तरी!”

“मग या की, अहो!”

फोटो बघून गिऱ्हाईक म्हणालं, “वा! चिटपाखरूसुद्धा नाही.”

नोंदवहीत लिहिलंय: फिल्म बारावी, वेळ आठ मिनिटं. शेरा: त्यातली सहा मिनिटं दोघं नाचलो. लग्नानंतर चाळीस वर्षांनी, पहिल्यांदाच.