मोठ्याने वाच

“सर, तुम्ही तिथं बसा,” म्हणत बाईंनी मुद्दाम बालवर्गातली बुटकी खुर्ची दाखवली. म्हातारे सर गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे बसले. बाईंच्या मनात उकळ्या फुटल्या.

सरांनी आपल्याला ओळखलं नाही, अशी त्यांची खात्री होती. बाईंनी मात्र सरांना दारातच ओळखलं होतं. बाई लहान असताना हाच माणूस त्यांना रोज वर्गात उभं करायचा. “मोठ्याने वाच,” म्हणायचा. अक्षरं जागची हलायला लागली की ‘दगड’ म्हणून बाकावर चढवायचा. सगळा वर्ग खिदळायचा. सर स्वतः धडा कधी वाचत नसत. हात मागे बांधून खिडकीशी उभे राहत, जसे काही मोठे साहेबच. त्या दगडाला पुढे मावशीनं हात धरून वाचायला शिकवलं, आणि आता तो दगड शाळेच्या विशेष विभागात मुलांची वाचन-चाचणी घेत होता.

आज चाचणीला सरांचीच नात होती. वर्गात ती आळशी ठरली होती. चाचणीत अडचण दिसली तर तिला रोज वेगळं शिकवलं जाणार होतं, नाहीतर पोरगी पुन्हा त्याच वर्गात बसणार होती. तिनं शब्दाखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. चाचणीचा नियम साधा: मूल अडलं की जरा थांबायचं, शब्द सांगायचा, पुढे जायचं. रागवायचं नाही, हसायचं नाही. वेळ संपली तेव्हा बोट अजून दुसऱ्याच ओळीवर होतं.

बाईंना काय ते कळलं. पोरीला मदत मिळणारच होती. पण आजोबांचं उट्टं काढायचं राहिलं होतं. त्यांनी पोरीला शेजारच्या खोलीत चित्रांचं पुस्तक निवडायला पाठवलं आणि प्रत्येक घराला विचारतात तोच प्रश्न विचारला.

“घरात आणखी कुणाला वाचायला जड जायचं का? खरं सांगा, हिच्या उपयोगाचं आहे.”

सर ‘छे’ म्हणणार, आणि मग आपण म्हणणार, ‘मग तुमच्या घरात हा दगड कुठून आला?’ हे वाक्य बाईंनी दारापासून जिभेवर धरून ठेवलं होतं.

सरांनी शेजारच्या खोलीकडे पाहिलं.

“मला,” ते म्हणाले. “अजूनही जातं.”

सरांनी मान वर करून त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

“तुला मी दारातच ओळखलं. तू अडखळलीस की सगळी पोरं तुझ्याकडे बघायची. तेवढा वेळ माझ्याकडे कुणी बघत नसे.”