बरोबर कशावरून?

“तुझं घड्याळ बरोबर हाय, हे कशावरून?” प्रियानं विचारलं आणि पोशीरच्या शाळेतला नववीचा वर्ग वळून तिच्याकडे बघू लागला.

इक्रानं टेबलावर अत्तराची चौकोनी बाटली ठेवली होती. आत डिंकात रोवलेल्या मोहऱ्या. बाटली म्हणजे स्फटिक, मोहऱ्या म्हणजे थोरियमच्या अणूंची केंद्रकं, असं तिनं झकास समजावलं होतं. ठरावीक लेझरचा प्रकाश पडला तरच केंद्रक उडी घेतं. त्या प्रकाशाची कंपनं मोजायची, की झालं घड्याळ! केंद्रक अणूच्या पोटात दडलेलं, त्याला बाहेरचे धक्के फारसे लागत नाहीत. अब्जावधी वर्षांत सेकंदही न चुकणारं घड्याळ यातून होईल, असं ती म्हणाली, तेव्हा सरांनीही मान डोलावली होती.

त्या मान डोलावण्यानंच प्रियाचा जळफळाट झाला होता. कर्जतच्या विज्ञान प्रदर्शनाला वर्गातून एकाचंच नाव जायचं. गेली दोन वर्षं इक्राच गेली होती. यंदा तिला अडकवायचंच, म्हणून प्रियानं पंधरा दिवस या घड्याळाबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं.

“मला नाही येत,” इक्रा हळूच म्हणाली.

“सेल गेला गं घड्याळाचा!” मागच्या बाकावरून कमळ्या ओरडला. वर्ग हसला.

पण सरांचा एक नियम होता. समोरच्याला उत्तर आलं नाही, तर विचारणाऱ्यानं ते सांगायचं.

प्रिया ऐटीत उभी राहिली. “शेजारी दुसरं तेवढंच चांगलं घड्याळ ठेवायचं, सर. दोघांत फरक पडतो का बघायचं. एकट्या घड्याळाला आपण चुकतोय ते कळतच नाय.”

“शाबास! यंदा तू जा.” सरांनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं.

प्रियानं इक्राकडे पाहिलं. इक्रा फळ्यावरच्या नावाकडे बघत होती. ओठ आवळलेले, नजर जळजळीत. प्रिया चपापली. ही नजर तिच्या ओळखीची होती. दोन वर्षं तिनं स्वतःच ती वागवली होती. याच नजरेनं तिला पंधरा दिवस पुस्तकापुढे बसवलं होतं.

“सर, इक्रालापन न्या,” ती म्हणाली. “माझं चुकलेलं हिच्याएवढ्या आवडीनं दुसरं कोन दाखवंल?”