धाकट्याचा अंदाज

इवाकिचीने बोटीचा एक दोर सोडला होता. दुसरा त्याच्या बायकोने, फुमिएने, घट्ट धरून ठेवला होता.

"सोड."

"नाही सोडत. हिरा डोंगराच्या माथ्यावर ढग बसलाय, दिसत नाही का तुम्हाला?"

"बसू दे. माझ्या डोक्यावर तू इतकी वर्षं बसलीयस, बुडालो का?"

फुमिए हसली नाही. समोर बिवा सरोवर तेल ओतल्यासारखं गुळगुळीत पडलं होतं, आणि भीती त्याचीच होती. हिराचा डोंगर दर वसंतात एकदा तरी असा वारा खाली लोटतो, की काठापासून हाकेच्या अंतरावर असलेली बोटही परत येत नाही. तो वारा येऊन गेल्याशिवाय थंडी सरली असं इथे कुणी म्हणत नाही. चेरीला कळ्या धरल्या होत्या, आणि वारा अजून यायचा होता.

पण इवाकिचीची नवी जाळी रात्रीपासून पाण्यात होती. सारा हिवाळा बसून विणलेली. वारा उतरला तर त्यांचा धागाही हाती लागायचा नाही. 'जाऊन उचलायची आणि यायचं, काम ते केवढं,' असं तो मनाशी म्हणत होता, आणि तरी निघत नव्हता. तो भोंग्याची वाट पाहत होता.

धक्क्यावरच्या खांबावरचा तो भोंगा रोज सकाळी काठाचा हवामान-अंदाज सांगे. अंदाज वाचणारा त्सुनेओ म्हणजे इवाकिचीचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांत बोलणं नव्हतं. बापाच्या दोन बोटी होत्या. मोठी थोरल्याला मिळाली, नवी धाकट्याला. मोठी आणि नवी यांत चांगली कुठली, हे गावाला अजून ठरवता आलेलं नाही. दोघा भावांना मात्र पक्कं ठाऊक होतं, की चांगली दुसऱ्याने लाटली. इवाकिची रागाने टेकाडापलीकडच्या एकट्या धक्क्यावर राहायला गेला, आणि पुढे मच्छीमार संघाचा माइक धाकट्याच्या हाती आला.

तेव्हापासून इवाकिचीचा नेम सोपा होता. धाकट्याने वारा म्हटलं की हा बोट सोडणार. वारा नाही म्हटलं की घरी बसून जाळी विणणार. वसंतात अंदाज बहुतेक दिवशी वाऱ्याचाच असतो, म्हणून पोट भरत होतं. कधी अंदाज खरा ठरे आणि हा भिजून, गारठून परत येई. पण असले दिवस त्याने कधी जमेस धरले नाहीत. धाकटा चुकला तो दिवस मात्र सार्वजनिक न्हाणीघरात, गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून, सगळ्यांना दोनदोनदा ऐकवला जाई.

"आता भावजी वारा म्हणतील," फुमिए म्हणाली, "आणि तुम्ही हट्टापायी जाल."

"म्हणू तर दे त्याला."

भोंगा खरखरला. त्सुनेओचा आवाज आला, जरा घोगरा.

"बिवाच्या पश्चिम काठाचा आजचा अंदाज. दिवसभर वारा मंद. पाणी शांत. बोटी सोडायला हरकत नाही."

इवाकिची दोर हातात घेऊन तसाच उभा राहिला. जायचं तर त्याला होतंच. जाळी आत होती, पाणी हलत नव्हतं. आता तर परवानगीही मिळाली होती, आणि तीच घशात अडकली. धाकट्याने जा म्हटलं आणि थोरला मुकाट गेला? उद्या न्हाणीघरात कुठल्या तोंडाने बसायचं?

"शांत म्हणतोय," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे आज हिराचा वारा उतरणार. बांध बोट."

"आणि जाळी?"

"बांध म्हणतो ना! दुहेरी दोराने बांध."

चहा निवायच्या आत डोंगर गरजला. काठचे पाइन जमिनीला टेकायला आले. गुळगुळीत पाणी एकाएकी उभं राहिलं आणि धक्क्यावर चढलं. दुहेरी दोर होता म्हणून बोट राहिली. जाळी जिथे होती तिथे नुसता पांढरा फेस उकळत होता. फुमिए त्याच्याकडे बघत राहिली. दोघांनाही त्या फेसात आपलीच बोट दिसत होती.

दुपार टळल्यावर वारा पडला, तसा इवाकिची टेकाड ओलांडून थेट संघाच्या खोलीत शिरला. आज धाकट्याला साऱ्या गावासमोर उभा सोलायचा होता. खोलीत संघाचं काम बघणारी साकिनो एकटीच होती.

"कुठाय तो? किती बोटी बुडवल्या त्याने आज?"

"बुडायला आधी सुटायला नकोत का, इवाकिचीकाका? सगळ्या बांधलेल्या आहेत. पहाटेपासून त्सुनेओकाकांचा एकच घोशा, 'हिरा उतरतोय, एकही बोट सोडू नका.' ओरडून ओरडून घसा बसला त्यांचा."

"मला शिकवू नकोस, पोरी. 'वारा मंद' म्हणाला तो. या कानांनी ऐकलंय मी."

साकिनोने माइकशेजारच्या बटणांकडे पाहिलं. काठावरच्या प्रत्येक धक्क्याच्या भोंग्याला एक बटण होतं. तिने शेवटच्या बटणावर बोट ठेवलं.

"हे तुमच्या धक्क्याचं. बाकीची सगळी बंद करून हे एकटंच दाबलं त्यांनी. मी म्हटलं, अहो, हे काय भलतंच सांगताय, माणूस जाईल अशाने! तर माझ्यावरच डोळे वटारले."

इवाकिचीने ते बटण बोटाने चाचपून पाहिलं.

"मग वारा पडेपर्यंत इथेच बसून होते, हात जोडून. तोंडाने एकच चाललेलं, 'इतकी वर्षं ऐकलं नाहीस, दादा, आजही ऐकू नकोस.'"