कपाटामागची चार बोटं

धाकट्याला घरात सगळे शिट्टीच म्हणायचे, कारण दमा उसळला की त्याच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोलीतली बुरशी हटवा, नाहीतर पोराचं काही खरं नाही.

म्हणून रंगारीकाका आले. कपाट ओढलं, तर मागची ओली भिंत काळ्या ठिपक्यांनी नुसती माखलेली. त्यांनी ती खरवडली, औषध मारलं, वर चुना दिला.

"कपाट आता चार बोटं लांबच ठेवा, वहिनी. भिंतीला श्वास घेऊ द्या."

"कमी पडला तर आमच्या शिट्टीकडून उसना घे म्हणावं," ताई खिदळली.

"जिभेला काही हाड?" आई करवादली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई शाळेतून आली, तेव्हा शिट्टी गाढ झोपला होता.

"हळू गं," आई दारातून कुजबुजली. "कितीतरी दिवसांनी शांत झोपलाय. बघ, शिट्टीसुद्धा वाजत नाही." आणि ती समाधानाने स्वयंपाकघरात गेली.

पण ताईला शिट्टी ऐकू येत होती. तीच, बारीक, मध्येच अडकणारी. कपाटामागून.

तिने फटीत हात घातला. भिंत कोमट होती, आणि तळव्याखाली सावकाश वरखाली होत होती.

ताईने हात झटकन काढला, फ्रॉकला खसाखसा पुसला आणि भावाच्या छातीवर ठेवला.

छाती गार होती, ओलसर. हात उचलला, तर बोटांना चुना लागला होता.