एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

ज्यानं आकडे घडवले तो पक्षपाती आहे, आणि हे मी त्याच्या तोंडावर म्हणतो.

मानमोडीचा ताप कोरीट गावातली माणसं नेऊन ओसरला, त्याला महिना झाला होता. ओट्यावर बसून लोटननं पाटीवर १४२८५७ लिहिले आणि दोननं गुणले. २८५७१४ आले. तीननं गुणले, तर ४२८५७१. तो सहापर्यंत गुणत गेला आणि दर वेळी तेच सहा अंक फिरून आले. त्यानं बायकोला हाक मारली.

गजराबाईला वाचता येत नव्हतं, पण अंक ओळखता येत होते. ती एकेका ओळीवर बोट फिरवत राहिली.

"यामा एकबी कमी व्हत नही?"

"नही. नुसत्या जागा बदलतस."

"मन्हा लेकरंबी जेवाले बठताना आशाच जागा बदलेत."

लोटननं वळून पाहिलं. आत चुलीपाशी लेकरांची पाच ताटं मांडलेली होती.

गजराबाईनं पाटी उचलली आणि देव्हाऱ्यात देवासमोर उभी केली.

"हाई तुले जमनं. मंग मन्हं सहावं लेकरू कोठे शे, सांग."