आगीला आग

वणवा डोंगर उतरून कोलाडच्या वरच्या वाडीवर चालून आला, तेव्हा धोंडुबाईनं सासूनं शिकवलेलं तेच केलं. घरांच्या वरच्या अंगाला वाळक्या गवताला स्वतःच काडी लावली आणि घरांकडची बाजू बायकांनी ओल्या गोणपाटांनी झोडपून धरली. मधलं गवत आधीच जळून गेलं की वणव्याला पुढं खायला काही उरत नाही.

तेवढ्यात डोक्यावर ड्रोन घोंघावला. वणवे हेरायला वनखात्यानं तो यंदाच रोह्याला आणला होता.

"पानी घेऊन आला गो काकी!" शेजारची नूतन ओरडली. धोंडुबाईनं काडेपेटीसकट हात वर करून त्याला बोलावलं. तो जरा घिरट्या घालून निघून गेला.

दोन्ही आगी एकमेकींना भिडून विझल्या. वाडीतलं एक कौलसुद्धा तडकलं नाही.

आठवड्यानं वनखात्याचा शिपाई ड्रोननं काढलेला फोटो आणि एक कागद घेऊन दारात आला. "ह्या तुम्हीच ना, मावशी?"

"व्हय, मीच!" धोंडुबाई हरखली आणि त्यानं दाखवलं तिथं तिनं अंगठा उठवला.



ती वणवा लावल्याची नोटीस होती. घर शिल्लक होतं, म्हणून घरपोच मिळाली.