कोरडा पुठ्ठा

जुन्या कॅम्पर व्हॅनचं इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळायचं. नवऱ्याने पाइपची क्लिप आवळली आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला. निघायच्या दिवशी सकाळी पाहतो तर पुठ्ठा ठणठणीत कोरडा! त्याने तो शेजाऱ्यासमोर नाचवला.

"बघा, म्हातारीची गळती बंद! आणि आमच्या हिची कटकटही. पूर्वी ऊठसूट भांडायची, रडायची. वर्षभरात चकार शब्द नाही. आता दोघींना घेऊन मस्त हिंडतो!"

शेजारी हसला. बायकोने बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीत डोकावून पाहिलं.

"अहो, आत थेंबसुद्धा उरलेला नाही. आता गळणार तरी काय?"



आणि गाडीत ठेवलेली आपली बॅग तिने उतरवून घेतली.